बोरघिल्डच्या दातांचा साचा

मी प्लास्टरचा साचा बोलतोय, आणि अगदी वैतागून बोलतोय.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, दातांचे डॉक्टर रावनेस्टाड यांच्या खुर्चीपाशी माझा जन्म झाला. लग्न ठरलेल्या बोरघिल्डने मऊ, कोमट लगद्यात दात रोवले. तो घट्ट झाल्यावर डॉक्टरांनी त्यात प्लास्टर ओतलं, आणि तिच्या वरच्या जबड्याची हुबेहूब नक्कल म्हणून मी बाहेर आलो. एक दाढ किडलेली, बाकी सगळे दात ठणठणीत.

आणि तेच उपटायचे होते. हे शहाणपण गावातल्या वडीलधाऱ्यांचं. लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढायचे आणि आईबापांनी तिला कवळी भेट द्यायची. पुढे दातदुखी नको, जावयाच्या खिशाला तोशीस नको. माया म्हणतात ती हीच.

"बायकांना गोल दात शोभतात," म्हणत डॉक्टरांनी नकली दातांच्या आकारांचा तक्ता तिच्या आईपुढे, ओलीनबाईंपुढे धरला. बोरघिल्डला कोणी विचारलंच नाही. मग तीच बोलली.

"माझे आहेत तसे राहू द्या. ती एक दाढ तेवढी भरा."

"एक किडका दात सगळ्या रक्तात विष कालवतो, पोरी. माझी हयात गेली यात."

"त्या विषावर आता बुरशीपासून केलेलं पेनिसिलिन निघालंय, डॉक्टर. माझ्या भावाचा पाय त्यानेच वाचला. तुम्ही अजून दात उपटायची पकडच घेऊन बसलाय."

"मोठ्यांशी असं बोलतात?" ओलीनबाई करवादल्या. "सासरचे म्हणतील, आईबापांनी पोरीला दातसुद्धा दिले नाहीत."

"दिलेत की, लहानपणीच. तेच तर आता परत मागताय."

डॉक्टरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आधी साच्याचे दात कापून कवळी तयार ठेवायची, मग माणसाचे उपटायचे, अशी त्यांची पद्धत. त्यांनी बारीक करवत चालवली. माझे पुढचे दोन दात टेबलावर पडले.

बोरघिल्डने ते तळहातावर घेऊन आईसमोर धरले. "हे दुखले नाहीत. माझे दुखतील. तुझे दुखले होते ना?"

ओलीनबाईंचा हात तोंडावर गेला. त्यांची कवळीही लग्नातलीच. कडक रोटी त्या दुधात भिजवल्याशिवाय खात नसत.

"मला कोणी असे कापलेले दात आधी दाखवले नव्हते," त्या हळूच म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या. "दाढ भरा. बाकीच्यांना हात लावू नका."

"आणि हा तक्ता?"

"गुंडाळून ठेवा."

बोरघिल्ड स्वतःच्या दातांनिशी सासरी गेली. डॉक्टर अजून सांगतात, पोरगी हट्टी निघाली. मी त्यांच्या फळीवर पुढचे दोन दात गमावून बसलोय, आणि कालच माझ्या शेजारी एक नवा साचा वाळत ठेवलाय. त्याचे सगळे दात धड आहेत. आतल्या खोलीत कुणाची तरी आई गोल दात निवडतेय.

करवत उचलण्याआधी त्या मुलीला एकदा इथे आणा. तिला माझ्याकडे बघू द्या.