दिवे वाढव

रफूकाकांचा धंदाच असा, की काम चांगलं झालं तर ते कुणाला दिसू नये. कोटाला पडलेलं भोक, शालीला लागलेली कसर, खिळ्याला अडकून ओरबाडलेली पँट, असलं काहीबाही लोक घेऊन यायचे. काका त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा उपसायचे आणि बारीक सुईने उभ्याआडव्या विणीत असा मुरवून टाकायचे, की जखम होती हे कापडसुद्धा विसरून जावं. सारा जन्म हा माणूस न दिसणारं काम करत आला, आणि आता त्याच्या मनाने घेतलं होतं, की दिसेनासं झालंय ते आपल्यालाच.

झालं होतं असं. वकीलसाहेबांचा काळा कोट खांद्याजवळ फाटला होता. आतल्या शिवणीत धागा काही उरला नव्हता, म्हणून काकांनी कात्रणांच्या कपाटातून काळा तुकडा शोधला, त्यातला धागा काढला आणि मन लावून रफू केला. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब कोट हातावर घेऊन परत दारात.

"काका, रागावणार नसाल तर एक सांगू? आमची ही म्हणते, खांद्याला शाई कुठून लागली?"

काकांनी कोट दाराबाहेर नेऊन पाहिला. शाई कुठली? काळ्यावर चक्क गडद निळा धागा बसला होता.

वकीलसाहेब भले गृहस्थ. "होतं असं कधीकधी, सवडीने करा," म्हणाले आणि कोट ठेवून गेले. पण काकांना घास गोड लागेना. काळं आणि निळं ओळखता येत नाही? रफूगाराला? मग उरलं काय? पाहणारे डोळे देवाने दिले, त्यानेच परत मागितले असतील, तर भांडायचं कुणाशी?

आता त्यांची खोली कशी होती ते ऐका. घराची मागची बाजू, एकच खिडकी, आणि त्या खिडकीपुढे कात्रणांचं दणकट कपाट. ते काकांनीच तिथे ओढून ठेवलेलं. उन्हाने लोकरीचा रंग उडतो, लोकांचे कपडे आपल्या भरवशावर, तेव्हा ऊन आत यायलाच नको, हा हिशेब. मग अंधार झाला म्हणून छताला ट्यूब. ती पुरेना म्हणून भिंतीवर दोन पिवळे बल्ब. तेही पुरेनात म्हणून टेबलावर मान झुकवून उभा असलेला एक मोठा दिवा, जो तव्यासारखा तापायचा. तो तापतो म्हणून पंखा. पंख्याने धागे उडतात म्हणून पंख्याचं तोंड भिंतीकडे. असा तो सगळा लवाजमा सकाळी सुरू व्हायचा तो निजानीज होईपर्यंत.

काकांचा मुलगा घरोघर जाऊन विजेची मीटरं वाचायचा. त्याला तर हा विषय आयताच.

"बाबा, गावाची मीटरं मी बिनधास्त वाचतो. आपल्या मीटरपुढे गेलो की माझे पाय लटपटतात."

"वाचू नकोस मग."

"नाही, मी काय म्हणतो, एवढी ऊब आहे खोलीत, तर चार कोंबड्या ठेवा. अंडी तरी उबतील."

"तुझ्यासारखा एक उबवला, तेवढा पुरे झाला," काका म्हणायचे, आणि सून स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसायची.

पण त्या कोटानंतर ही थट्टासुद्धा काकांना टोचू लागली. मुलगा बोलतो ते खोटं नाही. एवढे दिवे जाळायचे आणि हातून निघायचं काय, तर काळ्यावर निळं! त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. काम बंद. कुणाला बोलले मात्र नाहीत. धाकटी बहीण कधीपासून बोलावत होती, तिच्याकडे थोडे दिवस राहून यावं, आणि परत आल्यावर खोली रिकामी दिसली म्हणजे सांगण्याचा प्रसंगच येणार नाही, असं त्यांनी योजलं.

निघताना पिशवी खांद्याला लावून ते उंबऱ्यात थबकले. सुनेला म्हणाले, "पोरी, मी येईपर्यंत माझ्या खोलीतले दिवे वाढव."

इथेच सगळी गंमत झाली, बरं का. काकांच्या आईच्या तोंडी दिवा कधी विझला नाही. ज्योत म्हणजे देवाचं रूप, तिला 'विझव' म्हणायला त्या माउलीची जीभच रेटायची नाही. निजायच्या वेळी ती म्हणायची, "दिवा वाढव रे बाळा," आणि बाळ फुंकर मारायचं. फुटलेली बांगडीसुद्धा तिच्या लेखी 'वाढलेली' असायची. काकांनी तोच शब्द जड मनाने उच्चारला. त्यात खोली आवर, झाकपाक कर, माझं संपलं, एवढं सगळं होतं.

सून होती शाळेत चित्रकला शिकवणारी. तिच्या कानाला 'वाढव' म्हणजे वाढव. ती म्हणाली, "हो बाबा, मी पण तेच म्हणणार होते. सुट्टीच आहे मला. तुम्ही निश्चिंत जा."

तेच म्हणणार होते! काकांना हे जरा लागलंच. पण सून गुणी होती, खोलीची अडचण तिलाही होत असणार, अशी समजूत घालून ते गाडीत बसले.

बहिणीच्या घरी दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"बाबा, खिडकीपुढचं कपाट हलवतोय आम्ही. कात्रणं खोक्यांत भरू?"

"भर. जपून भर."

पुन्हा फोन. "बाबा, तो टेबलावरचा मोठा दिवा भंगारात दिला तर चालेल ना तुम्हाला?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या दिव्याखाली त्यांनी किती जणांची अब्रू सांधली होती. "दे," शेवटी म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा पाहून बहीण घाबरली. "दादा, कोण गेलं रे?"

"कुणी नाही. दिवा गेला."

"अग बाई! दिव्याचं सुतक पाळणारा तूच पहिला."

तिसऱ्या फोनला सून विचारत होती, भिंतींना दुधी रंग देऊ का अगदी पांढरा. काका म्हणाले, "तुम्हाला आवडेल तो द्या. खोली आता तुमचीच आहे." तिकडून ती खळखळून हसली. "काय बाबा, काहीही बोलता!"

बहिणीला त्यांनी मग सगळं सांगितलं, डोळ्यांचं आणि कोटाचं. अंगणात सकाळच्या वेळी दोघं बसली होती. बहिणीच्या खांद्यावर हिरवी शाल होती. बोलता बोलता काकांनी तिचं टोक चिमटीत धरलं.

"ही कुणाकडून रफू केलीस?"

"केलीय कुठे? ही तर भेट आलेली आहे."

"केलीय. आणि वाईट केलीय. हा बघ, शेवाळी रंगात पोपटी धागा घुसडलाय."

बहिणीने शाल डोळ्यांपुढे धरली, लांब धरली, चष्मा लावून पाहिली. तिला काही दिसेना. "आणि म्हणे डोळे गेले! दादा, नक्की डोळेच गेलेत ना? अक्कल तपासून बघ एकदा."

"हे अंगणातलं सोड गं. एवढ्या उजेडात कुणालाही दिसेल."

"मला नाही दिसलं!"

काकांनी ते मनावर घेतलं नाही. देव माणसाच्या तोंडूनच उत्तर वदवतो, पण ते माणसाच्या कानात शिरेल तर ना.

परतीच्या दिवशी मुलगा थांब्यावर घ्यायला आला होता. वाटेत मुलगा कसली तरी शीळ घालत होता, काका खाली मान घालून चालत होते. घरात शिरल्यावर त्यांनी पाणीही घेतलं नाही. जे पाहायचं ते एकदाचं पाहून टाकावं म्हणून सरळ मागच्या खोलीचं दार ढकललं.

आणि दारातच उभे राहिले.

खोली रिकामी नव्हती. कपाट आतल्या भिंतीला गेलं होतं आणि जिथे ते होतं तिथे खिडकी उघडी होती, काचा धुतलेल्या, बाहेरचा वाढलेला वेल छाटलेला. काकांचं टेबल खिडकीशी असं लावलं होतं, की उजेड डावीकडून यावा आणि सुई धरलेल्या उजव्या हाताची सावली कापडावर पडू नये. भिंती शुभ्र. उजेड त्यांच्यावरून परतून कोपऱ्याकोपऱ्यात गेला होता. पंखा बंद, ट्यूब बंद. टेबलावर एक छोटा एलईडीचा दिवा, तोही न लावलेला.

"हे काय?" काकांनी पिशवी खांद्यावरून उतरवली. "पोरी, मी दिवे वाढव म्हटलं होतं."

सून जरा वरमली. "हो, पण बाबा, खरं सांगू? दिवे वाढवायला घेतले आणि उलटंच झालं. दोन बल्ब काढले, मोठा दिवा काढला. ही खिडकी उत्तरेची आहे, हिच्यातून ऊन येतच नाही, नुसता उजेड येतो. कपड्यांचा रंग उडायची भीती नाही. दिवसभर दिवा लागतच नाही. आणि हा छोटा संध्याकाळसाठी. दुकानदाराकडून मुद्दाम रंग खरे दाखवणारा मागून घेतलाय, हातही भाजत नाही. दिवे नाही वाढले, उजेड वाढला. चालेल ना?"

तोवर मुलाच्या डोक्यात प्रकाश पडला. तो दाराला टेकून असा हसत सुटला, की शेजारीण डोकावून गेली. "अगं, आजी असं म्हणायची! दिवा वाढव म्हणजे मालव! बाबा तुला दिवे बंद करायला—" आणि बोलता बोलता त्याचं हसू विरलं. तो वडिलांकडे पाहू लागला. "बंद कशाला करायचे होते, बाबा?"

सुनेने हळूच विचारलं, "तुम्ही काम सोडणार होतात?"

वकीलसाहेबांचा कोट खुंटीला होता, तो घेऊन काका खिडकीशी बसले. निळा धागा काळ्या कापडावर नदीसारखा स्पष्ट दिसत होता. हाच धागा त्यांनी पिवळ्या बल्बांखाली काळा समजून ओवला होता. त्यांनी कोट फिरवला, पुन्हा सरळ केला.

"कात्रणांची खोकी आण," ते म्हणाले.

खोकी आली. काकांनी काळ्यांच्या कप्प्यातून जसंच्या तसं भरलेलं, 'काळे' लिहिलेलं खोकं फरशीवर उपडं केलं आणि तिघंही त्याभोवती बसली. पाहतात तो अर्धं खोकं निळं! वर्षानुवर्षं त्या पिवळ्या उजेडात निळं काळ्यात जाऊन बसलं होतं, आणि दोष लागला होता डोळ्यांना.

"हा काळा," मुलगा म्हणाला.

"तो जांभळा आहे," सून आणि काका एकदम म्हणाले.

"मीटर वाच तू," काकांनी पुढे जोडलं. कितीतरी दिवसांनी त्यांना अशी कोटी सुचली होती.

कोटाच्या रफूची सगळी वीण दुसऱ्या दिवशी उसवून नव्याने झाली. वकीलसाहेब तो घालून दारातल्या उन्हात एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने वळले, आणि बायकोला दाखवायला घाईघाईने निघून गेले. पुढे विजेचं बिल आलं तेव्हा मुलाने ते दोनदा वाचलं, मग बाहेर जाऊन मीटर बंद तर पडलं नाही ना, हेही पाहून आला. घरात ट्यूब बदलायच्या उरल्या होत्या, त्याही त्याने एकेक करून एलईडीच्या बसवल्या. काकांनी आपला दिवस नव्याने बसवला. काळे नि गडद कपडे सकाळी, फिकट दुपारनंतर, आणि दिवा लागला की फक्त काजं आणि बटणं.

एका संध्याकाळी ते एका म्हाताऱ्या बाईंच्या करड्या शालीवर वाकले होते. खिडकीतला उजेड मंदावत आला होता. सून शाळेच्या वह्या ठेवायला आत आली आणि तिचा हात सवयीने त्या छोट्या दिव्याच्या बटणाकडे गेला.

"थांब," काका मान वर न करता म्हणाले. सुई कापडात शिरली, पलीकडून निघाली. "अजून दिसतंय."