सत्तेचाळीस वर्षं

अ‍ॅम्ब्रोज टिलीनं सहा जोड पत्ते हिरव्या कापडावर पंख्यासारखे पसरले आणि डाव्या हातानं ते उलटे केले. उजवं मनगट दोन वर्षांपूर्वी निकामी झालं होतं. तेव्हापासून खऱ्या टेबलावर पत्ते वाटणं बंद झालं, आणि सकाळी अकराची ब्लॅकजॅकची ही फुकट शिकवणी तेवढी त्याच्याकडे राहिली. अटलांटिक सिटीच्या कसिनोत फेब्रुवारीत कोण येतंय? बसनं आलेली म्हातारी माणसं, बाहेरच्या वाऱ्याला कंटाळलेली.

आज पाच जण होते. चौघांनी खोट्या चिप्स आणि कधी काय खेळायचं त्याचा छापील तक्ता पुढ्यात ओढून घेतला. पाचवी बाई टोकाच्या स्टुलावर ओल्या लोकरी कोटातच बसली होती आणि चिप्सना तिनं हात लावला नाही.

"मास्तर, एक सांगा," ट्रेंटनहून आलेला एक जाडा गृहस्थ म्हणाला. "रूलेटवर सात वेळा काळा आला. मग आठव्यांदा लाल येणार की नाही?"

"चाकाला काय माहीत सात वेळा काय आलं ते?"

"पण कधीतरी लाल यायलाच पाहिजे ना!"

"येईल की. तुमचे पैसे संपल्यावर पण येईल."

सगळे हसले. जाड्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. "ऐक, ऐक. मी सांगितलं की पटत नाही."

मग नेहमीचे प्रश्न आले. मशीन बराच वेळ कोरडं गेलं की पैसे देतं का? नाही. डीलरला एक्का आला तर विम्याची वेगळी पैज लावावी का? कधीच नाही. अ‍ॅम्ब्रोज एकतीस वर्षं या धंद्यात होता आणि प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं हा त्याचा नेम होता. वरच्यांनाही त्याची हरकत नव्हती. खरं सांगितलं म्हणून कुणी उठून घरी गेलंय, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"माझी बेरीज सोळा आणि तुमचा पत्ता दहाचा असेल तर?" कोटातल्या बाईनं विचारलं.

"आणखी एक पत्ता घ्यायचा."

"आणि हरले तर?"

"बहुतेक वेळा हरालच, बाई. थांबलात तर केसभर जास्त हराल."

"म्हणजे तुमच्या तक्त्याप्रमाणे खेळलं तरी हरायचंच."

"हो. पण सावकाश."

"किती सावकाश?"

असं सहसा कुणी विचारत नसे. अ‍ॅम्ब्रोजला बरं वाटलं. "हाताला, म्हणजे एका डावाला, पंचवीस डॉलर, तासाला सत्तर हात. तक्ता सोडला नाही तर तासाला नऊ डॉलर जातील, फार तर. एखाद्या दिवशी जास्त, एखाद्या दिवशी उलटे मिळतीलही. पण सरासरी एवढीच."

"आणि एक लाख दहा हजार जायला?"

जाड्या गृहस्थानं शीळ घातली. अ‍ॅम्ब्रोजनं छताकडे बघून मनातल्या मनात भागाकार केला. "बारा हजार तास. वर थोडे."

"आठवड्यातून पाच तास बसलं तर?"

"सत्तेचाळीस वर्षं."

"घ्या!" जाडा म्हणाला. "मग भ्यायचं कशाला? तोवर मी कुठला उरतोय!"

पुन्हा हसू झालं. बाई हसली नाही. पण तिनं मान हलवली, दुकानदारानं बरोबर वजन केल्यावर हलवावी तशी.

बाराला शिकवणी संपली. चौघं दहा-दहा डॉलरची कुपनं घेऊन खऱ्या टेबलांकडे पांगले. अ‍ॅम्ब्रोज पत्ते गोळा करू लागला. बाई बसूनच होती.

"मी आयरीन पॅलुच," ती म्हणाली. "बेयॉनहून आलेय. कॅझिमिर पॅलुच इथं यायचा, मंगळवारच्या बसनं. मी त्याची बायको."

अ‍ॅम्ब्रोजच्या हातातले पत्ते जिथल्या तिथं राहिले.

कॅझ त्याला चांगलाच आठवत होता. आधी इथंच, या शिकवणीला बसलेला. मग दुपारी त्याच्याच टेबलावर, तक्ता मांडीवर ठेवून, शाळकरी पोरासारखा ओठ हलवत खेळणारा. पहिलं वर्ष. नंतर तक्ता दिसेनासा झाला. नंतर एका वेळी तीन-तीन हात, दोनदोनशे डॉलरचे, आणि तक्त्यात मनाई असलेलं, दहा-दहाच्या जिंकत्या जोड्या फोडून हरणं. त्याची बायको मात्र तीन वर्षांपूर्वीच वारली होती. असं त्यानं स्वतः सांगितलं होतं.

"कसा आहे तो?" अ‍ॅम्ब्रोजनं विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"नोव्हेंबरमध्ये गेला. हृदय." तिनं कापडावरची सुरकुती बोटानं सारखी केली. "मग कळलं घरावर एक लाख दहा हजारांचं कर्ज काढलं होतं ते. घर गेलं. मी आता बहिणीकडे असते. मुलगा बापाचं नाव काढू देत नाही. म्हणतो, मूर्ख होता. मला एवढंच विचारायचं होतं. तुम्ही त्याला शिकवलंत. तो नीट खेळायचा का?"

अ‍ॅम्ब्रोजनं पत्त्यांचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा जुळवल्या. जुळलेल्या होत्या तरी पुन्हा आपटला.

"अगदी नीट," तो म्हणाला. "तक्त्याप्रमाणे. नशीबच वाईट होतं हो."

आयरीन त्याच्याकडे बघत राहिली. नजरेत राग नव्हता.

"मघाशी सत्तेचाळीस वर्षं म्हणालात तुम्ही," ती म्हणाली. "तो चारच वर्षं येत होता."

शेजारच्या मशीनवर कुणाला तरी काहीतरी लागलं आणि घंटा वाजत राहिली. 

"तुम्ही चांगल्या मनानं बोललात, कळतं मला." तिनं पर्स उघडली आणि एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. पांढरी लिली, चंदेरी कडा. आत बारा-तेरा सह्या होत्या आणि सगळ्यांत वर अ‍ॅम्ब्रोजच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, कॅझ, तुमच्या पत्नीच्या जाण्यानं आम्हा सर्वांना फार दुःख झालं. "त्याच्या मोज्यांच्या खणात सापडलं. म्हणून तुमचं नाव कळलं. कशानं गेले मी?"

अ‍ॅम्ब्रोजनं कार्डाकडे पाहिलं. त्या दिवशी कार्डासाठी अ‍ॅम्ब्रोजनंच वर्गणी काढली होती. मॅनेजरनं कॅझला फुकट जेवण दिलं होतं. कॅझनं सूप संपवलं होतं आणि पुन्हा येऊन बसला होता.

"झोपेत," तो म्हणाला. "म्हणाला, काही त्रास नाही झाला."

"बरं झालं." तिनं कार्ड उचललं आणि पुन्हा पर्समध्ये ठेवलं. बंद करताना चाप दोनदा निसटला. "असं का सांगितलं असेल हो त्यानं? भांडण नव्हतं आमचं. दर मंगळवारी डबा करून द्यायचे मी."

या वेळी त्यानं उत्तर टाळलं असतं तर चाललं असतं. तिनंही ते मान्य केलं असतं. अ‍ॅम्ब्रोजनं दोन्ही हात कापडावर उपडे ठेवले, टेबल सोडताना डीलर ठेवतात तसे.

"मी त्याला घरी पाठवायचो," तो म्हणाला. "हरायला लागला की म्हणायचो, कॅझ, ऊठ आता, बायको वाट बघत असेल. पुष्कळदा उठायचाही. टोपी घालायचा आणि जायचा."

"आणि नंतर?"

"तुम्ही गेलात असं त्यानं सांगितल्यावर काय म्हणणार? कुणाचं नाव घेऊन उठवणार?"

 आयरीन स्टुलावरून उतरली. गुडघा धरून क्षणभर उभी राहिली आणि चालू लागली, मशीनांच्या रांगांकडे, जिथून पुढे नुसत्या आणखी रांगाच होत्या.

"पॅलुचबाई, दार तिकडे नाही!"

ती थांबली. कुठे वळावं ते तिला कळेना. अ‍ॅम्ब्रोजनं पत्ते तसेच उघडे टाकले. टेबल सोडून जायची परवानगी नव्हती. पलीकडून मॅनेजरनं भुवया उंचावल्या. अ‍ॅम्ब्रोजनं तिचा कोपर धरला आणि गालिच्यावरून, खांबांना वळसे घालत, दोन वेळा डावीकडे आणि एकदा उजवीकडे तिला नेलं. जड दार ढकलून उघडलं. समोर समुद्राकडचा लाकडी फळ्यांचा रस्ता भिजून काळा पडला होता. धुक्यात पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

एकतीस वर्षांत कुणाला दारापर्यंत सोडायला तो पहिल्यांदाच आला होता.