अडतीसचा भोंगा

दुपारी साडेबाराला, आमच्या धुलाई कारखान्याच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, सत्तर माणसांच्या डोळ्यांदेखत पारा एक्केचाळीसवरून चोविसावर उतरला. मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. चोवीसच होता.

"चोवीस!" मालक ओरडले. त्यांना स्वतःच्या लग्नातही इतकं भरून आलं नसावं.

टाळ्या झाल्या. मागच्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी जास्त जोरात वाजवल्या.

गारबाबा डोळे मिटून उभे होते. मूळ नाव मोठं होतं, पण आमच्या बायकांनी दहा मिनिटांत त्यांचं गारबाबा करून टाकलं. अंगात पांढरे स्वच्छ कपडे. कुणाकडे धुतले ते कळलं नाही, पण इस्त्री आमच्यापेक्षा चांगली होती. उजव्या हातात थर्मामीटर, त्याच्या टोकाला गुंडाळलेलं पांढरं वस्त्र. ते वस्त्र त्यांनी आधी स्टीलच्या थर्मासमधल्या 'शीतजलात' बुडवलं होतं, आणि आता डाव्या हातातल्या पुठ्ठ्याच्या पंख्यानं त्यावर वारा घालत होते. वारा म्हणे शक्ती पसरवण्यासाठी.

"पृथ्वी तापली म्हणता?" बाबा म्हणाले. "तापू दे! माणसाला ताप येतो तसा तिलाही येतो. येतो आणि जातो. लाखो वर्षांचं चक्र आहे ते. आणि हे शिकलेले म्हणतात, माणसाच्या धुरानं आभाळ तापलं! अरे, माणूस केवढा, आभाळ केवढं? मुंगी शिंकली म्हणून हत्तीला पडसं होतं का?"

लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं हसला आमचा बॉयलरवाला. अठ्ठावीस वर्षं कोळसा घालणाऱ्या माणसाला त्या धुराचा दोष नाही असं पहिल्यांदाच कुणीतरी चारचौघांत सांगत होतं. त्याच्या चेहऱ्यावर निर्दोष सुटल्याचा आनंद होता.

आता आमच्या कारखान्याबद्दल. आम्ही इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुतो. धुतलेल्या चादरी इस्त्रीच्या हॉलमध्ये जातात. तिथे वाफेवर चालणाऱ्या बारा मोठ्या इस्त्र्या आहेत आणि प्रत्येकीवर एक बाई. मागच्या उन्हाळ्यात त्यातली एक बाई उभ्या जागी कोसळली आणि तिचा कोपर इस्त्रीवर भाजला. ती माझी मेहुणी. त्यानंतर बायकांनी काम बंद ठेवून एक नियम करून घेतला: हॉलमधल्या भिंतीवरचा पारा अडतीसला गेला की भोंगा वाजायचा, आणि इस्त्र्या तासभर बंद.

नियम चांगला होता. एवढंच की, या वर्षी भोंगा रोज वाजू लागला.

रोज दुपारी अंगणातलं आणि हॉलमधलं तापमान वहीत लिहिणं हे एकतीस वर्षं माझं काम होतं. चादरी किती वेळात वाळतील ते त्यावरून ठरतं. निवृत्त झालो, पण लिहू नका असं कुणी सांगितलं नाही, म्हणून अजून जातो. मी लागलो त्या वर्षी अंगणात चाळिशी ओलांडलेले दिवस चार होते. गेल्या वर्षी सव्वीस. मालकांना हे दाखवलं, तर ते म्हणाले, "तुमचा थर्मामीटर म्हातारा झालाय." त्यांनी नवा आणला. नव्यानं अर्धा अंश जास्तच दाखवला. तेव्हा त्यांनी बाबा आणले.

बाबांच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी हॉलमधल्या पाऱ्याला ते वस्त्र गुंडाळण्यात आलं. खाली वाटीत शीतजल, वस्त्राचं एक टोक वाटीत. वाटी रिकामी होऊ द्यायची नाही, असा हुकूम. पारा चाळीस दाखवायचा, तो तेहेतीस दाखवू लागला. भोंगा वाजेना. मी वहीत तेहेतीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी चौतीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेहेतीस. माझं अक्षर तसं वळणदार आहे, पण त्या तीन दिवसांचं बघवत नाही.

चौथ्या दिवशी मेहुणी इस्त्रीपासून दोन पावलं मागे सरली आणि जमिनीवर बसली.

"काय गं?" मी धावलो.

"काही नाही, भावजी. भिंत फिरतेय."

"पाणी देऊ?"

"पारा किती आहे?"

"चौतीस."

"मग भिंतीनं फिरायला नको होतं," ती म्हणाली. "भिंतीला सांगा."

तिला धरून अंगणात आणलं. शेजारच्या इस्त्रीवरच्या बाईनं एक चादर भिजवून तिच्या डोक्यावर टाकली. अंगणात ऊन रणरणत होतं, झोंबरा वारा होता. दोन मिनिटांत मेहुणीनं डोळे उघडले.

"भावजी, इथे हॉलपेक्षा उष्मा जास्त आहे ना?"

"एक्केचाळीस आहे. आत, माझ्या जुन्या थर्मामीटरवर, चाळीस."

"मग इथे मला बरं का वाटतंय?"

एकतीस वर्षं तापमान लिहिलं, पण असा प्रश्न वहीनं कधी विचारला नव्हता. तिनं डोक्यावरची चादर चाचपली. एकदा, दोनदा. मग तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं त्याला मी आधी भोवळ समजलो. तो राग होता.

"अहो, आपण बारा बायका," ती म्हणाली, "दिवसभर ओली चादर हातात धरतो. वाळत असताना ती गार लागते हे आपल्याला माहीत आहे. शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि त्या माणसानं आपल्यालाच ओलं फडकं दाखवून टाळ्या घेतल्या?"

"पण शीतजल..."

"तुमचा थर्मामीटर आणा. आणि काका, तुमचा रुमाल द्या."

काका म्हणजे बॉयलरवाला. तो बिचारा तिला बघायला आला होता. त्याचा रुमाल मूळचा कोणत्या रंगाचा होता हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. मेहुणीनं तो नळाखाली भिजवला, थर्मामीटरला गुंडाळला आणि चादरीचं टोक धरून वारा घातला. पारा उतरू लागला. छत्तीस, तीस, सव्वीस. चोविसावर येऊन थांबला.

"माझ्या रुमालात शक्ती आहे?" काका हरखून म्हणाला.

"काका, तुमच्या रुमालात फक्त कोळसा आहे," मेहुणी म्हणाली. "पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. ज्याच्यावर वाळतं, ते गार होतं. थर्मामीटर गार झाला. अंगण झालं का?"

काकानं अंगणाकडे पाहिलं. अंगण काही झालं नव्हतं.

मालकांना सांगायला गेलो, तर त्यांच्या टेबलावर दुसरीच बातमी तयार होती. सोमवारी बाबा येणार, सगळा हॉल कायमचा 'सिद्ध' करणार आणि त्यानंतर भोंग्याची गरज राहणार नाही. नियमही जाणार. मेहुणी म्हणाली, "अवश्य बोलवा. फक्त बाबांना एक विनंती करायची आहे आमची."

सोमवारी हॉलच्या भिंतीला शिडी लावलेली होती. वर भोंगा, खाली पक्कड घेतलेला मिस्त्री. बाबांनी प्रवेश केला. अंगणात पुन्हा चोवीस करून दाखवला. पुन्हा टाळ्या. या वेळी बारा बायकांनी वाजवल्या नाहीत, पण मालकांनी त्यांची भरपाई केली.

"बाबा," मेहुणी हात जोडून म्हणाली, "आमच्या हौदाच्या खोलीत चला ना. तिथल्या बायका फार तापतात हो."

नाही कसं म्हणणार? हौदाच्या खोलीत आम्ही चादरी उकळत्या पाण्यात भिजवतो. तिथे भिंतींवरून पाणी ओघळतं आणि माणूस दिसण्याआधी त्याचा आवाज येतो. पाच मिनिटांवर तिथे कुणी थांबत नाही. थर्मामीटर एकोणचाळीस दाखवत होता. बाबांनी वस्त्र गुंडाळलं, शीतजल ओतलं, पंखा हलवला.

एकोणचाळीस.

बाबांनी मंत्र पुटपुटला. पंखा जोरात. पारा एका अंशानं खाली आला आणि तिथेच बसला. बाबांच्या पांढऱ्या कपड्यांची इस्त्री मात्र पूर्ण उतरली.

"इथे... वाफेत सूक्ष्म लहरी भिजतात," बाबा म्हणाले.

"लहरी नाही भिजत, बाबा. फडकं वाळत नाही," मेहुणी म्हणाली. "हवाच पाण्यानं भरलेली आहे. तिला आणखी पाणी घ्यायला जागा कुठे? म्हणून गारवा नाही." मग ती मालकांकडे वळली. मालक घामानं निथळत होते. "साहेब, घाम आलाय ना? वाळतोय का?"

"नाही."

"हेच. आपला घाम म्हणजे आपलं ओलं फडकं. बाहेर वाळतो, म्हणून आपण जगतो. इथे वाळत नाही, आणि इस्त्रीच्या हॉलमध्ये अर्धवट वाळतो. मागच्या वर्षी मी पडले ती त्यामुळे. आणि गेल्या आठवड्यात मी पडत होते तेव्हा तुमच्या भिंतीवर चौतीस होते. ते पाऱ्याचे होते, साहेब. आमचे चाळीसच होते."

मालक दाराकडे वळले. पाच मिनिटं होऊन गेली होती, आणि दार मेहुणीच्या पाठीमागे होतं.

"बरं बरं! भोंगा राहील!" मालक म्हणाले. ती बाजूला झाली.

अंगणात आल्यावर बाबांना जरा वाऱ्यानं हुशारी आली. "फडक्याचं राहू द्या," ते म्हणाले. "पण मूळ मुद्दा? उष्मा हे चक्रच आहे. माणसाचा त्यात काय हात? विचारा या बॉयलरवाल्याला! याचं एवढंसं धुराडं, ते काय आभाळ तापवणार?"

सगळ्यांनी काकाकडे पाहिलं. काका हसला नाही. तो हाताची बोटं दुमडत होता.

"मी रोज बारा पोती कोळसा घालतो," तो म्हणाला. "संध्याकाळी राख काढतो ती दीड पोतं." दुमडलेली बोटं त्यानं सोडली. "बाकीची साडेदहा कुठे गेली?"

त्यानं धुराड्याकडे मान वर केली.

"मी विचारच केला नव्हता कधी," काका म्हणाला. "जळून गेली म्हणायचो. पण जळून गेली म्हणजे वरच गेली ना? अठ्ठावीस वर्षं? आणि गावोगावची धुराडी, गाड्या, वीजघरं, ती वेगळीच."

मी इथे थोडी भर घातली, कारण हे मी समोरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून समजून घेतलं होतं. जळलेल्या कोळशाचा वायू डोळ्यांना दिसत नाही, पण तो आभाळात वर्षानुवर्षं राहतो आणि रजईसारखं काम करतो. रजईच्या आत आपण तापतो, रजईचा बाहेरचा पदर गारच राहतो. सूर्य जास्त तापला असता, तर हवेचे वरचे थरही तापले असते. मोजलं तर खालची हवा तापलेली आणि खूप वरची गार झालेली आढळते. म्हणजे शेगडी वाढलेली नाही, रजई जाड झालेली आहे. जुनी चक्रं होतीच; बाबा तेवढं खरं बोलले. पण ती हजारो वर्षं घेतात. माझ्या एका वहीत मावत नाहीत.

"म्हणजे मीच गुन्हेगार?" काकानं विचारलं.

"काका, चादरी कुणाच्या होत्या?" मेहुणी म्हणाली. "आपल्या सगळ्यांच्या. गुन्हेगार शोधत बसायचं, की बॉयलर बदलायचा?"

बाबा गेले. थर्मास विसरून गेले. मी झाकण उघडून वास घेतला, चव घेतली. नळाचं पाणी होतं.

बॉयलर अजून बदललेला नाही. मालक 'विचार करतो' म्हणाले आहेत आणि आम्ही दिलेल्या अर्जावर पहिली सही काकाची आहे. बदलला तर आपलं काय, हे विचारून मगच त्यानं ती केली. नवा चालवायला शिकवू असं मालकांकडून लिहून घेतलं. हॉलमध्ये आता दोन थर्मामीटर आहेत, एक कोरडा, एक ओला. ओल्याचा पारा वर चढला की घाम वाळत नाही असं समजायचं, मग कोरडा काहीही म्हणो. भोंगा आता दोघांचं ऐकतो.

वाचकांनो, आभाळ तापतंय की नाही यावर तुम्हाला कुणी काही दाखवायला आलं, मी धरून, तर टाळी वाजवण्याआधी हात जरा आवरा. त्यानं काय गार केलं ते बघा: खोली, की फक्त पारा? तोच प्रयोग तुमच्या रुमालावर करा, दुसऱ्या खोलीत करा. आणि जे जाळलं ते कुठे गेलं, हे जाळणाऱ्याला विचारा. तो तुमच्या शेजारीच उभा असेल, आणि बहुतेक वेळा त्याला उत्तर माहीत असतं. फक्त आजवर त्याला कुणी विचारलेलं नसतं.