रविवारचं लिंबूसत्त्व

मशीनवाल्याने वॉशिंग मशीनचा हीटर ओढून बाहेर काढला आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला. नळी कुठे संपते आणि थर कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टकटक केलं तशी एक पांढरट खपली सुटून फरशीवर पडली.

“ताई, हे पाच-सहा महिन्यांचं काम नाही,” तो म्हणाला. “दोन वर्षं तरी याला कुणी हात लावलेला नाही.”

आईला जाऊन पाच महिने झाले होते. मुलीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. नवं मशीन गळ्यात मारायचं असलं की ही माणसं अशीच सुरुवात करतात. तिने त्याला ठणकावून सांगितलं की इथलं पाणी क्षारांचं आहे हे या घराला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हणून तर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई लिंबूसत्त्वाची पूड टाकून मशीन गरम पाण्यावर रिकामंच फिरवायची. एकदाही चुकली नाही. मशीनवाल्याने वाद घातला नाही. आपल्याकडेही हेच पाणी येतं, जगाची मशीनं साफ करता आणि घरची बादली बघा म्हणून बायको रोज ऐकवते, एवढं बोलून तो रबरी नळी सोडवू लागला.

बाबा दारात उभे होते.

“टाकून द्या तो, नवा बसवा. उगाच उकरत बसू नका,” ते म्हणाले आणि मुलीकडे न बघता बाहेरच्या खोलीत गेले.

ते तिला खटकलं. शर्टाचं तुटलेलं बटण पलंगाखाली वाकून शोधणारा हा माणूस. त्याला आज कसली घाई?

ती स्वयंपाकघरात गेली. किटलीच्या तळाला खडूसारखा थर होता. इस्त्रीची वाफेची भोकं बुजली होती. सिंकखालचा खण उघडला तर लिंबूसत्त्वाची छोटी रिकामी पाकिटं, एकात एक सरकवलेली, आईच्या हातची. तिने ती ओट्यावर पसरली. मोजता मोजता सत्तरच्या पुढे गेली. सगळ्यांवरच्या तारखा गेल्या दोन वर्षांतल्या. महिन्याला एक नव्हे, आठवड्याला एक.

म्हणजे पूड घरात येत होती, संपतही होती. मशीनला मात्र ती लागली नव्हती.

तिला रविवारचे फोन आठवले. आज मशीनला पाजलं बघ, आई सांगायची. शेवटी शेवटी तर दर रविवारी. लाडावून ठेवलंयस त्याला, असं म्हणून मुलगी इकडून हसायची. मागे बाबांचा आवाज असायचा, हळू, वाक्य सुचवल्यासारखा. तेव्हा वाटायचं, दोघं एकमेकांना टोचतायत. अखेरचे तीन आठवडे सोडले तर आई अगदी पहिल्यासारखी होती, असं बाबांनी सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर तिने पाच महिने काढले होते.

ती मूठभर पाकिटं घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

“आईला आठवत नव्हतं ना?”

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“फोनवर तुम्ही तिला पढवत होतात, बाबा?”

“तुझ्या मुलाचं नाव तेवढं सांगायचो. बाकी तिचं तीच बोलायची.”

“मशीनचंसुद्धा? ते तर धडधडीत खोटं होतं.”

“खोटं नव्हतं.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “बाकी सगळं विसरली, हे नाही. रविवारी उठल्या उठल्या पाकीट कापायची.”

“मग हीटरची ही दशा कशी?”

बाबांनी टेबलावरच्या पाण्याच्या जगकडे हात केला. ती नुसती बघत राहिली, तेव्हा त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. एका रविवारी पाणी आंबट लागलं. पुढच्या रविवारी त्यांनी आईला पाण्याच्या जगमध्ये पाकीट रिकामं करताना पाहिलं. त्यानंतर पाकिटं लपवली, तर ती संध्याकाळपर्यंत खण उपसत राहिली, रडली. मग तेच आठवड्याला एक पाकीट आणून देऊ लागले.

“गुपचूप ओतून द्यायचं की.”

“समोर बसायची. म्हणायची, बघा नीट झालंय का.”

“मग?”

“मग काय. पेला संपवायचो आणि सांगायचो, एकदम स्वच्छ.”

आतून मशीनवाल्याने विचारलं, घासून बघू की नवाच घालू. मुलीने खुर्ची ओढली, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

“माझंही नाव सांगावं लागायचं?”

“छे. तुझा आवाज ओळखायची ती. लगेच,” बाबा म्हणाले. चटकन म्हणाले, अगदी तिच्या डोळ्यांत बघून.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान दिसत होते.

“वाटलंच मला,” ती म्हणाली.