शिवेवरच्या राखणीचं ताट

"मना काय झाला नाय. पित्त हाय," असं म्हणत तानाजीने छाती चोळली आणि सोड्याची बाटली तोंडाला लावली.

मालनने परातीतलं पीठ तसंच सोडलं. "पित्त डाव्या हातात उतरतं काय वो? दर्शना तपासायला आली तं तुमी मागच्या दारानं पलालात."

"आज राखण हाय. मानाचा ताट यंदा आपल्या घराकं आलाय. बाईमानसानं मधी बोलू नाय."

मानपाड्यापलीकडच्या ह्या गावात दोन वर्षांत सहा गडी छातीत कळ येऊन गेले, सगळे पन्नाशीच्या आतले. ह्यांचे आजे भाताचे भारे वाहून ऐंशी-ऐंशी वर्षं जगले. आता शेतांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि नातवंडं खुर्चीत. गालात गुटखा, दूध आणायलाही गाडी, आणि रोज संध्याकाळी दारूची बैठक. गावचीच सून दर्शना आशाताई होती. घरोघर फिरून ती रक्तदाब मोजायची, पोटाचा घेर मोजायची. आरोग्य केंद्राच्या बैठकीत आपल्या गावातल्या मृत्यूंचा आकडा वाचला की सगळ्या माना वळतात, असं ती मालनला सांगायची.

पण गडी तिचं कशाला ऐकतील? रस्ता रुंद करताना शिवेवरचा वेताळ हलवला, तोच एकेकाला नेतोय, असं गावकीचा म्होरक्या सखाराम म्हणाला आणि साऱ्यांना पटलं. देव फक्त गडीच नेतो, बायांना सोडतो, ह्याचंही कुणाला नवल वाटलं नाही. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. राखण म्हणजे देवाचा राग उतरावा म्हणून बोकड कापायचा, गड्यांनीच शिजवायचा, गड्यांनीच शिवेवर बसून संपवायचा. काळीज, चरबी आणि वर पेलाभर दारू असं पहिलं ताट मानकऱ्याने रिकामं करायचं. बाईचा हात लागला तर टोप पुरून टाकायचा.

मालन ओट्यापाशी उभी राहिली. गेल्या साली ज्याने ते ताट संपवलं, त्याची बायको आता कपाळ पुसून बसली होती. दुपारी मालन पिठाच्या हातानेच निघाली आणि गोदामांच्या मागून शिवेवर पोचली. गडी पत्रावळी मांडत होते. कुणी काही म्हणायच्या आत तिने टोपाच्या काठावर दोन्ही हात टेकवले. चटका बसला तरी काढले नाहीत.

सखारामने फावडं मागवलं.

टोप पुरून झाल्यावर तानाजी तिच्यामागून घरी आला. उंबऱ्यातच त्याचा तोल गेला. अंग घामाने निथळत होतं आणि जबडा आवळला होता. ह्या वेळी सोडा पाजायला भोवती गडी नव्हते. मालनने हाक मारली, शेजारची दर्शना धावली, तिने जिभेखाली गोळी ठेवली आणि रिक्षा थेट दवाखान्यात नेली. तासभर उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मालन भिंतीला टेकून रडली. हाताचे फोड तेव्हा कुठे दुखायला लागले.

तिसऱ्या दिवशी सखाराम दवाखान्यात भेटायला आला. खाटेपासून चार हात लांबच राहिला.

"बगितलास, मालन? देवाच्या टोपाला हात लावलास, दोन तासांत नवऱ्याच्या छातीत हानला त्यानं."

"डॉक्टर बोलले, येलेवर आनला म्हनून..."

"डॉक्टरला शिवेवरचा काय कललाय?"

मालनने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "दोन बोकड कबूल कर गं," तो हळूच म्हणाला. "तुज्या पायी गावावर पाप नको."

ज्याच्यासाठी हात पोळले तोच असं बोलला. ते तिला फोडांपेक्षा जास्त लागलं.

"रविवारी राखण परत घालू," सखाराम म्हणाला. "मानकरी निजलाय, तवा ताट मी उचलतंय."

वर पंखा गरगरत होता, तरी त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. डावा खांदा तो सारखा दाबत होता. शर्टाच्या खिशातून सोड्याची पुडी डोकावत होती. मालनने खाटेशी उभ्या असलेल्या दर्शनाच्या हातातल्या रक्तदाबाच्या यंत्राकडे पाहिलं.

"सखारामदादा, जरा बसा. हिला एकदा बगू द्या."

सखाराम हसला आणि दाराकडे वळला.

"मना काय झालाय? पित्त हाय."