दोनशे चौदा नंबरचं पत्र

माजी पंतप्रधानांना परक्या देशात येऊन सहा वर्षं झाली होती, तरी रुबाब तसूभर कमी झाला नव्हता. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, खाली लाँड्री, पण सकाळी दहाच्या ठोक्याला कोट चढवून साहेब खुर्चीत बसत आणि म्हणत, "घे." समोर टाइपरायटरवर त्यांची सून. एवढी वर्षं तिनं आत्मचरित्र बडवलं, आणि मनोगतात तिच्या वाट्याला आभाराची एक ओळ, तीही डॉक्टरांच्या खाली.

त्या दिवशी अकरावं प्रकरण होतं, मुलाच्या अटकेचं. मुलाच्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या. सत्तापालटाच्या आठवड्यात त्याला पकडलं आणि तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच संपला. "तू बाबांबरोबर नीघ, मी येतोच मागून," एवढंच तो जाताना बोलला होता. त्या शब्दाखातर ती सासऱ्याचं सगळं निमूट करत आली होती.

"घे," साहेब म्हणाले. "मुलाच्या सुटकेसाठी मी जंग जंग पछाडलं. नव्या सत्ताधीशांना पत्रांवर पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही."

बाबांनी एवढं केलं आणि कधी अवाक्षर काढलं नाही! निदान पत्रांच्या तारखा तरी नीट पडाव्यात, म्हणून जेवणानंतर ती आतल्या खोलीत गेली. साहेब खासगी पत्रं स्वतःच्या हातानं लिहीत, पण कार्बन लावून. न्हाव्याला पाठवायची चिठ्ठीसुद्धा त्यातून सुटत नसे. प्रतीवर नंबर घालून ती कपाटात. त्या कपाटाची किल्ली आजवर कुणाला मिळाली नव्हती. आता डोळे अधू झाले, म्हणून नाइलाजानं सुनेच्या हाती आली होती.

सत्ताधीशांना लिहिलेलं पत्र एकच निघालं. नंबर दोनशे चौदा.

'सद्भावना म्हणून माझा मुलगा किंवा माझी कागदपत्रं, यांपैकी एक पाठवण्याची तयारी आपण दाखवलीत. कागदपत्रांच्या अकरा पेट्या पाठवाव्यात, ही विनंती. मुलाचा निर्णय कायद्याप्रमाणे व्हावा.'

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भिंतीला लावलेल्या त्याच पेट्या ती दर आठवड्याला झाडून पुसत होती! बरं, असलं पाप केलं तर माणूस निदान कागद जाळून टाकतो. पण स्वतःचं अक्षर जाळायला या माणसाचे हात कसे धजावणार? पोटचा पोर सोडवला नाही, कार्बनची प्रत मात्र जपून ठेवली.

ती तशीच बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहून तिनं पत्र मोठ्यानं वाचलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "पेट्यांशिवाय हे पुस्तक झालं नसतं. देशाला याची गरज आहे."

"आणि मला कशाची गरज होती, बाबा? एकदा तरी विचारलंत?"

"तू आत्ता संतापली आहेस. ते पत्र जागेवर ठेव."

"पुस्तकात घालणार आहे."

"मुळीच नाही!"

"मग पुस्तकही नाही. बघू कोण टाइप करून देतं तुम्हाला. डोळे तुमचे गेलेत, माझे नाहीत!" सहा वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज खालच्या लाँड्रीपर्यंत गेला.

साहेबांचे ओठ हलले. आता एकदा तरी हा म्हातारा मुलाचं नाव घेईल, असं तिला वाटलं.

"मग 'विनंती' काढ," ते म्हणाले. "मी त्या लोकांना विनंती केली, असं दिसायला नको. 'मागणी' घाल."

तिनं यंत्रात कोरा कागद चढवला आणि पत्र विनंतीसकट, जसंच्या तसं उतरवलं. खाली त्यांना न विचारता स्वतःची एक ओळ घातली: 'पेट्या सुखरूप पोचल्या.'