तानुबाईंच्या शिक्षेचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. साधासुधा नव्हे हं! कोर्टाचा शिक्का असलेली निकालाची नक्कल आहे. जानेफळच्या तानुबाईंना शिक्षा झाली, असं माझ्यावर टाईप केलेलं आहे आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

पंधरा वर्षांपूर्वी मुलींच्या शाळेला खेटून देशी दारूचं दुकान निघालं. अर्ज करून करून बाया थकल्या. शेवटी तानुबाई मुसळ घेऊन आत शिरल्या आणि बाटल्यांचा चुरा केला. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"हाव साहेब, मीच फोडल्या. लेकी जातेत तिथून."

दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत कोर्टातल्या बाकावर बसून राहायचं! बाईंनी तिथेच भाकरी खाल्ली आणि संध्याकाळच्या एसटीने घर गाठलं.

आठवड्याने मी जन्मलो. गावातल्या बायांनी माझं काय कौतुक केलं! पण मुलगा हर्षल मोठा झाला, तशी त्याला माझी लाज वाटू लागली. त्याने मला फडताळात लोणच्याच्या बरणीखाली अंथरलं. वर्षानुवर्षं मी तेल पीत पडून राहिलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा लेक पायलचं पहिलं बाळंतपण आलं. ती कॅनडात, जवळ बाईमाणूस कुणी नाही. तानुबाईंनी जायचं ठरवलं. व्हिसाच्या फॉर्मवर प्रश्न होता, कधी शिक्षा झाली आहे का?

"आई, 'नाही' लिहितो. तिकडं कोन पाह्यते?" हर्षल म्हणाला.

"काऊन बे? चोरी केली का म्या? 'हो' लिही!"

महिन्याने पत्र आलं. कैद किती दिवसांची होती याचा पुरावा पाठवा, नाहीतर अर्ज नामंजूर. हर्षल कोर्टात धावला. तिथली फाईल मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केलेली. तानुबाईंनी बाळासाठी शिवायला घेतलेली दुपटी बाजूला ठेवली.

"आता माही पोर एकटीच बाळंत होईन काय?"

ते ऐकून हर्षलला बरणी आठवली. त्याने मला ओढून काढलं आणि सदऱ्यानेच पुसलं. मी तेलकट झालो होतो, पण शिक्का कसा ठसठशीत! माझं भाषांतर होऊन अर्जासोबत गेलं. कैद फक्त कोर्ट उठेपर्यंत, त्यानंतर एकही गुन्हा नाही. व्हिसा मंजूर!

तिथल्या विमानतळावर अधिकारी बाईंनी मला पाहिलं आणि फोनवरच्या दुभाष्यामार्फत विचारलं, "पुन्हा असं कराल का?"

"शाळेपाशी दुकान नसलं तं नाही करणार."

दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं. मग अधिकारी बाई खळखळून हसल्या आणि पासपोर्टवर ठप्पा बसला. काय सांगू मित्रांनो, बाईंच्या हातात मी आनंदाने नुसता फडफडत होतो!

बारा दिवसांनी नात झाली.

मित्रांनो, जुने कागद जपा. खरं लिहिलेला कागद लाजेपायी दडवू नका. परवा हर्षल फोनवर म्हणाला, "आई, येताना तो कागद सांभाळून आणजो."

तानुबाई मांडीवरच्या नातीकडे बघत म्हणाल्या, "नाही आणत. इथंच ठेवून राह्यली मी. आजीनं पोरींच्या शाळेसाठी काय केलं, थे इले कोन सांगन?"